रंभाबाईच्या खानावळीला एक तारा

भांडण कांद्यावरून सुरू झालं. कांद्यावरून सरकारं पडतात, हे कुंडलिकतात्या घोडके ऐकून होते. पण कांद्यावरून आपल्यासारख्या निवृत्त ट्रक ड्रायव्हरचं थोबाड भर चौकात टांगलं जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्या आठवड्यात रंभाबाई माढ्याला भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. रंभाबाई कोण, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. साखर पेठेच्या मागच्या गल्लीत पत्र्याखाली चार बाकडी, कोपऱ्यात चूल, भिंतीकडेला कडक भाकऱ्यांची कमरेइतकी चळत आणि चुलीपुढे पदर खोचून बसलेली एक बाई, ही झाली रंभाबाईंची खानावळ. तिला पाटी नाही. पाटीचं काम वास करतो. मटण मुलाण्याच्या दुकानातलं, हलाल, त्यामुळे तात्यांचे जिवलग मित्र मकदूमभाई टेलर यांनाही काही अडचण नसते. बुधवार-रविवार दोघांची जोडी तिथं ठरलेली. त्या बुधवारी मात्र दाराला कुलूप होतं. दोन भुकेले म्हातारे कुलपाकडे बघत उभे राहिले.

"चलो तात्या," मकदूमभाई म्हणाले, "वो विजापूर रोडपे नया खुल्या बोलरे. दिग्विजय."

हॉटेल दिग्विजय, परमिट रूम, फॅमिलीसाठी वरच्या मजल्यावर स्वतंत्र सोय. ही सगळी पाटी तात्यांनी बाहेर उभं राहून मोठ्यानं वाचली. स्टेअरिंग सुटल्यावर प्रौढांच्या वर्गात जाऊन ते अक्षरं शिकले होते, आणि तेव्हापासून दिसेल ते वाचल्याशिवाय पुढे सरकत नसत. पूर्वी ते हॉटेल नाकानं निवडत. वाचायला आल्यापासून डोळ्यांनी निवडायला लागले, आणि घात तिथंच झाला.

आत इतका अंधार होता की तात्यांनी वेटरला विचारलं, "बाबा, हितं जेवण मिळतं का फोटो धुऊन मिळत्यात?" थंडी अशी की मकदूमभाईंनी टोपी कानावर ओढली. तात्यांनी एक छोटा पेग मागवला तर त्यात बर्फाचे खडे इतके, की पेग नेमका कुठं ठेवलाय ते सापडेना. खाण्यासाठी 'मटण सोलापुरी स्पेशल' सांगितलं. ते आलं पांढऱ्या सायीची नक्षी काढून आणि चवीला गोड. सोलापुरात बसून सोलापुरी स्पेशल! म्हणजे आपल्याच घराला 'आतमध्ये घरचे लोक राहतात' अशी पाटी लावण्यासारखं. तात्यांनी तेही गिळलं असतं. ट्रक ड्रायव्हरच्या पोटानं याहून वाईट पाहिलं होतं. पण मग त्यांनी कांदा मागितला.

"ओनियन सॅलड का सर?" वेटर म्हणाला.

"कांदा रं. बुक्की मारून फोडलेला."

"एक्स्ट्रा लागेल सर."

आणि खरोखरच बिलावर कांदा लागला. तात्यांनी बिल डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मोबाईलच्या उजेडात वाचलं. ओळ होतीच. आता कांदा ही काही विकायची वस्तू नाही, म्हणजे मंडईत असेल, पण ताटाशेजारी नाही. ताटाशेजारचा कांदा हा पाहुणचार आहे. सांगोल्याच्या माळावर टँकरची वाट बघणारा माणूससुद्धा दारी आलेल्याच्या भाकरीवर कांदा ठेवतो. तात्यांनी हे सगळं उभं राहून, आवाज चढवून सांगितलं. तेव्हा आतून मालक आला. त्याचंही नाव दिग्विजय. गळ्यात साखळी, हातात दोन फोन.

"तात्यासाहेब, ओरडू नका की," तो गोड हसत म्हणाला. "तक्रार असंल तर रिव्ह्यू टाका. मॅपवर. सगळं जग वाचतंय."

"टाकतो!" तात्या गरजले. कुठं टाकायचा आणि कसा, हे त्यांना माहीत नव्हतं. पण गरजण्याला माहिती लागत नाही.

घरी आल्याबरोबर त्यांनी सुनेला, रेश्माला, गाठलं. रेश्मा पतसंस्थेतून नुकतीच आली होती आणि एका हातानं कणीक मळत होती. दुसऱ्या हातानं तिनं फोनवर सगळं उघडून दिलं. "हे बघा मामा. हितं हॉटेलचं नाव शोधायचं. हितं तारे द्यायचे, एकपासून पाचपर्यंत. आणि हितं खाली काय वाटलं ते लिहायचं. झालं." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती आत पळाली.

पाचातलं चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं, हे सांगायचं राहून गेलं. तात्यांनी विचारलंही नाही. विचारण्यासारखं त्यात होतं काय? चांगल्याला आपल्याकडे काय म्हणतात? एक नंबर. मटण कसं झालंय? एक नंबर. गाडी कशी पळते? एक नंबर. शाळेत हुशार पोराचा नंबर पहिला येतो, ढ पोराचा शेवटचा. म्हणजे एक तारा सगळ्यात भारी आणि पाचवा तारा म्हणजे रांगेत सगळ्यात मागं. राहता राहिला दुसरा. तर दोन तारे कुणालाच द्यायचे नाहीत, असं तात्यांनी मनाशी ठरवलं. दोन नंबरचा धंदा करतो असा आळ पुराव्याशिवाय कुणावर घेणं बरं नव्हे.

मग खाटेवर बसून तात्यांनी लिहायला घेतलं. आयुष्यभर कागदावर अंगठा उठवला होता, आता त्याच अंगठ्यानं ते टाईप करत होते. हॉटेल दिग्विजयला त्यांनी ठासून पाच तारे दिले आणि खाली लिहिलं: 'अंधार भरपूर. थंडी भरपूर. मालक हसून बोलतो. कांद्याला मान आहे, त्याचंसुद्धा बिल होतं. असं हॉटेल सोलापुरात दुसरं नाही.' हे वाचून दिग्विजयला झोप लागणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

वाईटाला वाईट म्हटलं, तर चांगल्याला चांगलं म्हणणंही आलं. रंभाबाईंच्या मुलानं, युवराजनं, खानावळ मॅपवर चढवलेली होतीच. तात्यांनी तिला एक तारा दिला. हात आखडता न घेता लिहिलं: 'भाकरी कडक, महिनाभर ठेवली तरी तशीच. रस्सा असा की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, दुसऱ्या दिवशीपर्यंत आठवण जात नाही. बाई तोंडाळ आहे. एकदा जेवलेला माणूस दुसरीकडं जेवायच्या लायकीचा राहत नाही.' शेवटचं वाक्य लिहिताना त्यांचं मन भरून आलं.

पुढच्या दिवसांत तात्यांना नाद लागला. स्टँडसमोरचा चहावाला, एक तारा. सात रस्त्याजवळची शिककबाबची गाडी, एक तारा. बारच्या नावाखाली सादळलेले शेंगदाणे देणारा एकजण होता, त्याला चार. सुधारायची संधी म्हणून पाचवा राखून ठेवला. आणि एके दिवशी फोनवर निरोप आला की आपण आता 'स्थानिक मार्गदर्शक' झाला आहात. तात्यांनी तो निरोप मकदूमभाईंच्या दुकानासमोरच्या बाकावर मोठ्यानं वाचून दाखवला.

"सरकारी हाय का?" शेजारी राहणाऱ्या चनबसप्पांनी विचारलं. चनबसप्पा कचेरीतून निवृत्त झाले होते आणि कचेरी त्यांच्यातून अजून निवृत्त व्हायची होती. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांच्याकडे सल्ला तयार असे.

"सरकारी नसंल तर मार्गदर्शक कोण करंल?" तात्या म्हणाले.

"तर मग एकट्याचं मत चालत न्हाय. सह्या पायजेत. जास्त लोकांच्या."

झालं. तात्यांनी बाकावर येणाऱ्या प्रत्येकाचा फोन मागून घेतला आणि ज्याच्या त्याच्या नावानं रंभाबाईंना एकेक तारा दिला. मकदूमभाईंनी दिला. त्यांच्या बायकोनं, इमामबींनी, घरातून निरोप पाठवून दिला. चनबसप्पा जन्मात मटण न शिवलेले, पण तेही मागे राहिले नाहीत. "मी वास घेतलाय की. वासाला एक तारा." ज्या बाईच्या हाताचं एवढी वर्षं खाल्लं, तिच्यासाठी एवढं तरी करावंच, अशी तिथं सगळ्यांची भावना होती. एखाद्या माणसाला इतक्या प्रेमानं खड्ड्यात घातल्याचं उदाहरण मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

रंभाबाई लग्नाहून परतल्या, चूल पेटली. बुधवारी तात्या आणि मकदूमभाई जाऊन बसले तर बाकडी रिकामी. रविवारीही तेच. पुण्या-मुंबईच्या गाड्या गल्लीच्या तोंडाशी थांबत, आतला माणूस फोनकडे बघे, बायकोला काहीतरी दाखवी आणि गाडी पुढे निघून जाई. तात्यांना आश्चर्य वाटलं. एवढे एकाला एक तारे असताना हे लोक पळतात कशाला?

त्या रविवारी युवराज फोन हातात घेऊन चुलीपाशी उभा होता. "आई, ऐक. हे सगळं ह्या एका माणसापासून सुरू झालंय. एक तारा दिलाय बघ. म्हणतो, भाकरी महिन्याची शिळी. रस्सा खाऊन डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून पाणी आलं, दुसऱ्या दिवशीपर्यंत त्रास. बाई तोंडाळ. हितं जेवलेला माणूस कुठं जेवायच्या लायकीचा राहत न्हाय."

तात्यांचा घास तोंडातच राहिला. शब्द त्यांचेच होते, पण रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसांसारखे बघत होते.

"कोण हाय त्यो?" रंभाबाईंनी उलथनं उचललं.

"कुंडलिक घोडके म्हणून हाय कोण तरी."

"त्या कुंडलिकाच्या तोंडात किडं पडू देत! माझ्या भाकरीला शिळी म्हणतो? मुडद्यानं हितं येऊन दाखवावं, तव्यावर बसवून भाजते. तात्या, तुमाला म्हाईत हाय का हो ह्यो कुंडलिक?"

रंभाबाई गिऱ्हाईकाला कामावरून हाक मारत. हे डायवरतात्या, ते टेलरभाई. बारशाचं नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"न्हाय... तसा न्हाय म्हाईत," तात्या ताटाकडे बघत म्हणाले. मकदूमभाईंना जोराचा ठसका लागला आणि तो पुष्कळ वेळ थांबला नाही.

"सगळा धंदा बसला," युवराज म्हणाला. "महिनाअखेरपर्यंत बघतो तात्या. नाहीतर हितं मोमोचा ठेला टाकायचा. पोरांना तेच पायजे."

"काय टाकायचा?"

"मोमो. उकडलेले. पांढरे."

तात्यांनी ताट बाजूला सारलं. या चुलीवर, या काळ्या मसाल्याच्या जागी, उकडलेलं पांढरं काहीतरी! ते हात धुऊन थेट घरी आले आणि रेश्मापुढे उभे राहिले. तिनं फोन बघितला. आधी हसली. मग सासरे समोर आहेत हे आठवून तिनं पदर तोंडावर धरला. मग पदराआडून हसली.

"मामा, उलटं केलंत सगळं. पाच तारे म्हंजे चांगलं. एक तारा म्हंजे टाकाऊ."

"कोण म्हणतं?"

"सगळं जग."

आता इथं दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. तात्या संतापले. चूक झाल्यावर खजील व्हायचं की संतापायचं, हे माणसाच्या पिंडावर असतं, आणि तात्यांचा पिंड घाटात समोरच्या गाडीला कधीही वाट न देणाऱ्याचा होता. पाच म्हणजे चांगलं हे ठरवलं कुणी? कुठल्या सभेत? मराठी माणसाला विचारलं होतं का? आपल्याकडे पाच म्हटलं की पाचावर धारण बसते. तारे माणूस तोडतो ते अकलेचे, नाहीतर डोक्यात काठी बसली की भर दिवसा दिसतात ते. चांगल्या जेवणाशी ताऱ्यांचा संबंध लावला कुणी? आणि चांगल्याला आपण पिढ्यान्पिढ्या 'एक नंबर' म्हणत आलो, ते काय वेडे म्हणून? "मी बदलणार न्हाय," ते म्हणाले. "जगानं बदलावं."

"जग बदलंस्तोवर रंभामावशी मोमो विकतील," रेश्मा शांतपणे म्हणाली.

तात्यांनी त्याच दिवशी सगळे तारे बदलले. पण बाकावरच्या बाकीच्या मंडळींचे तारे तसेच लटकत राहिले. कुणाचा फोन पडला होता, कुणाला कुलपाचा आकडा आठवेना. इमामबींचा तारा तर भाच्याच्या फोनवरून गेला होता आणि भाचा हैदराबादला. चनबसप्पांनी मात्र आपला तारा मागे घ्यायला साफ नकार दिला. एकदा दिलेली सही मागे घेतली तर चौकशी लागते, असं त्यांचं म्हणणं.

"मग आता काय करू?" तात्यांनी विचारलं.

"होगली बिडो, सोडून दे," चनबसप्पा म्हणाले. "त्या रंभाबाईला तुझं नाव कुठं म्हाईत हाय?"

हा एकच आधार होता, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी तुटला. तात्या दूध आणायला निघाले तर चौकात विजेच्या खांबावर एक भलामोठा फ्लेक्स झुलत होता, तारे बदलायच्या आधीच छापून घेतलेला. वर हॉटेल दिग्विजय. खाली पाच सोनेरी तारे. मध्ये डोळ्यांवर काळा गॉगल लावलेले, फेटा बांधलेले, हात जोडून हसणारे खुद्द तात्या. पुतण्याच्या लग्नातला तो फोटो रेश्मानं हौसेनं त्यांच्या फोनवरच्या खात्याला, नावाशेजारी लावला होता. आणि त्याखाली ठळक अक्षरांत: 'असं हॉटेल सोलापुरात दुसरं नाही! — मा. श्री. कुंडलिक घोडके, स्थानिक मार्गदर्शक.'

कांद्याचं वाक्य गाळलं होतं.

ज्या हॉटेलनं कांद्याचं बिल लावलं, त्याच्या प्रचाराला आपण हात जोडून उभे! तात्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. शिवाय मंडईला जाताना रंभाबाई याच चौकातून जात. त्यांना नीट वाचता येत नसे. पण फोटो बघायला अक्षरं लागत नाहीत, आणि अक्षरं सांगायला युवराज होताच. तात्यांनी दुधाची पिशवी तशीच हातात धरून दिग्विजयचं हॉटेल गाठलं.

"आधी तो फ्लेक्स उतरव!"

"तात्यासाहेब, तुमीच तर लिहिलंय," दिग्विजय म्हणाला. "आमी कायतरी भर घातली का? उलट मा. श्री. आमच्या पदरचं लावलंय. आणि एक सांगू का, तुमच्यामुळं गिऱ्हाईक वाढलंय. कधीबी या, कांदा फ्री."

फ्री कांदा! हा घाव पहिल्यापेक्षा खोल होता.

चनबसप्पांनी सल्ला दिला की कचेरीत जाऊन लेखी तक्रार करावी. कुठल्या कचेरीत ते सांगत बसत नाही. ज्याला त्याला आपापली आठवेल. तिथल्या टेबलामागच्या माणसानं तात्यांचा अर्ज दोन्ही बाजूंनी बघितला. मागची बाजू कोरी होती, ती जास्त वेळ बघितली.

"फ्लेक्सला परवानगी हाय का?"

"मला काय म्हाईत? मी लावलेला न्हाय."

"परवानगी असंल तर काढता येत न्हाय. नसंल तर तो आमच्या दप्तरी न्हाय. जे दप्तरी न्हाय ते काढायचं कसं?"

"अहो, चौकात लोंबकळतोय. डोळ्यांना दिसतोय."

"डोळ्यांना दिसतं त्यावर कचेरी चालत न्हाय काका. बरं, फोटोतला माणूस तुमीच, कशावरून? त्याला गॉगल हाय, फेटा हाय."

तात्या घरी गेले, पुतण्याकडून तो गॉगल मागून आणला, ट्रंकेतून फेटा काढला आणि भर दुपारी तो सगळा साज चढवून कचेरीत पुन्हा हजर झाले. बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांना वाटलं, कुणी पाहुणा उद्घाटनाला आलाय. एक-दोघं उठून उभेही राहिले.

"हां, आता फोटोशी जुळतंय," टेबलवाला म्हणाला. "आधार दाखवा."

तात्यांनी आधारकार्ड पुढं केलं.

"पण आता आधारशी जुळत न्हाय."

तात्यांनी फेटा काढून टेबलावर आपटला. आयुष्यात त्यांनी पोलिसाशी, आरटीओशी, जकात नाक्याशी हुज्जत घातली होती. पण तिथं निदान समोरचा माणूस भांडत तरी होता. हा भांडतही नव्हता. तो चहा पीत होता.

शेवटी फ्लेक्स झाकला गेला तो कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसानं. त्याच खांबावर, त्याच दोऱ्यांना, तात्यांच्या तोंडावर नवा फ्लेक्स चढला. आमच्या सोलापुरात न्यायाला उशीर होईल, वाढदिवसाला व्हायचा नाही. पण त्याआधीच व्हायचं ते होऊन गेलं होतं.

फ्लेक्स अजून उघडा होता तेव्हाची गोष्ट, तात्या मकदूमभाईंच्या दुकानासमोर बाकावर बसले होते. मंडईची पिशवी घेऊन रंभाबाई आल्या आणि समोर उभ्या राहिल्या.

"डायवरतात्या, तुमचं नाव काय हो?"

मकदूमभाईंनी मशीन जोरात चालवायला घेतलं. सुईत दोरा नव्हता.

"कुंडलिक," तात्या म्हणाले. तो आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही.

रंभाबाई शिव्या देतील, पिशवी फेकून मारतील, असं तात्यांना वाटलं होतं. त्याची त्यांनी तयारीही ठेवली होती. पण रंभाबाईंनी नुसती पिशवी सावरली. "बुधवारी जेवायला या," एवढं म्हणून निघून गेल्या. हे भयंकर होतं.

बुधवारी तात्या गेले. न जावं तर कायमचं तोंड चुकवावं लागलं असतं. रंभाबाईंनी मकदूमभाईंपुढं नेहमीचं ताट ठेवलं. त्यात काळाकुट्ट रस्सा, वर लाल तर्री, शेजारी कडक भाकरीचा चुरा. तात्यांपुढं आला मऊ भात आणि वाटीभर आळणी. बिनतिखटाचं, बिनमसाल्याचं, तान्ह्या पोराला नाहीतर बाळंतिणीला देतात ते पाणी.

"हे काय?" तात्या लाल झाले.

"तुमच्या डोळ्यांतून पाणी येतं म्हणं. नाकातून बी येतं. म्हणलं, सोसायचं न्हाय."

"रंभाबाई, तारीफ होती ती!" तात्या उठून उभे राहिले. इतक्या दिवसांचा संताप आता वाट फुटेल तिथून बाहेर पडायला लागला. "एक तारा म्हंजे एक नंबर! आपल्यात काय म्हणत्यात? मटण कसं हाय, एक नंबर! बाई तोंडाळ हाय, हे काय खोटं हाय? भाकरी कडक हाय, हे काय खोटं हाय? मी खरं तेच लिहिलं. त्या फोनवाल्यांनी आकडा उलटा धरला त्याला मी काय करू? आणि त्या दिग्विजयला मी शिव्या घातल्या तर त्यानं त्याचा फ्लेक्स केला! मला फेटा घालून कचेरीत बसवलं! आणि तुमी मला आळणी वाढता? मला? ज्यानं तुमचा रस्सा वाटीनं प्यायलाय, त्याला?"

खानावळीत शांतता पसरली. तशी ती असायचीच, गिऱ्हाईक नव्हतं. युवराजच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडत होतं. तो हसू की रडू अशा तोंडानं म्हणाला, "म्हंजे तात्या, एक नंबर म्हणून एक...?"

"मग काय तर!"

रंभाबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "मला कळतंय तात्या. पर पुण्याच्या माणसाला कुटं कळतंय? त्यो आकडा बघतो आन् गाडी फिरवतो. ह्यो युवराज महिना संपायची वाट बघतोय. मी त्या पांढऱ्या गोळ्यांस्नी हात लावायची न्हाय, सांगून ठेवते. चूल इजली की मी माढ्याला जाणार, भावाकडं."

तात्या परत बाकड्यावर बसले. रागाच्या वाटेवर पुढं रस्ताच नव्हता.

"तुमी फोननं माणसं घालवली," रंभाबाई म्हणाल्या, "आता तोंडानं आणा."

त्यांनी एक खुर्ची उचलली आणि गल्लीच्या तोंडाशी नेऊन ठेवली.

आता विचार करा. ज्यानं आयुष्यभर स्टेअरिंगवर बसून हुकूम केले, दारात उभं राहून ओरडायचं काम ज्याच्या गाडीवर किन्नर, म्हणजे क्लीनर, करायचा, तो माणूस आता खानावळीच्या दारात गिऱ्हाईक बोलवायला बसला. पहिल्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं नाही. नुसते जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे रागानं बघत राहिले, आणि लोक रस्त्याच्या पलीकडून जायला लागले. दुसऱ्या दिवशी मकदूमभाई म्हणाले, "तात्या, ऐसा घूरके देखे तो कौन आयेगा? पुलिस लगते तुम." तेव्हा तात्यांनी घसा खाकरून एकदा आवाज दिला. स्टँडवर गाड्यांचा पुकारा होतो तसा, लांब ओढलेला. "ए मटण-भाकरी-मटण-भाकरी-चला बसा-निघालीऽऽ!" पोटातून आलेला तो आवाज पार चौकात गेला. दोन मजूर बिचकून थांबले आणि मग आत शिरले.

तिसऱ्या दिवशी गल्लीत गाडी थांबली. पुण्याची. आतल्या माणसानं फोन बघितला, बायकोला दाखवला आणि गिअर टाकला. तात्या खुर्चीवरून उठले आणि गाडीच्या पुढ्यात उभे राहिले.

"काय बघताय फोनमधी?"

"काका, खूप खराब रेटिंग आहे इथलं."

"व्हय. ते मी केलंय!" तात्या छाती काढून म्हणाले. "त्यातला पहिला तारा माझा होता. खाली उतरा, मी सांगतो कसा झाला त्यो. जेवण झाल्यावर पटलं न्हाय तर मला शिव्या द्या. हितं सगळेच देत्यात."

माणूस हसला. जिला वाईट शेरा देणाराच रस्ता अडवून जेवायला बोलावतो, अशी जागा त्यानं आजवर पाहिली नव्हती. ते उतरले. जेवले. जेवताना तात्यांनी शेजारी उभं राहून सगळी हकिगत सांगितली, फेट्यासकट. त्या बाईंनी ती फोनमध्ये टिपून घेतली आणि तिथंच बसून कुठंतरी पाठवूनही दिली. तात्यांनी ते पाहिलं. पण आता अडवायचं तरी कुणाकुणाला.

महिन्याचा शेवटचा रविवार. तात्या सकाळपासून पुकारा करत होते. आज घसा बसला तरी बेहत्तर, कारण युवराजनं मोमोवाल्याला संध्याकाळी बोलावून ठेवलं होतं. आणि त्या दिवशी काय झालं कोण जाणे, गल्ली भरली. 'तो एक तारावाला म्हातारा कुठाय' म्हणत पोरं आली. लग्नाहून परतणारी माळशिरसकडची अख्खी जीप आली. बाकडी पुरेनात म्हणून मकदूमभाईंनी दुकानातली कटिंगची फळी आणून टाकली. दिग्विजयच्या हॉटेलातला तो वेटरही सुट्टी काढून कोपऱ्यात जेवताना दिसला. तात्यांनी स्वतः त्याच्या ताटाशेजारी कांदा फोडला आणि पैसे विचारण्याची वाट बघत मुद्दाम उभे राहिले.

दुपार कलली तेव्हा तात्यांना भान आलं की सकाळपासून आपल्या पोटात चहाशिवाय काही नाही. खुर्ची सोडून ते आत आले, आपल्या नेहमीच्या जागेवर बसले, बाह्या सारल्या.

"रंभाबाई, वाढा. आज आळणी वाढलंत तर बघा."

रंभाबाईंनी पातेलं तिरकं केलं. तळाशी डाव फिरवला. पातेल्यानं नुसताच आवाज केला. भिंतीकडेची भाकरीची चळत पार जमिनीला टेकली होती.

"संपलं, तात्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"संपलं. रस्सा संपला, भाकरी संपली. टेलरभाईंनी शेवटची नळी चोखली."

मकदूमभाईंनी नळी हळूच ताटाखाली सरकवली. युवराज दारात उभा राहून फोनवर बोलत होता, "नको, आज नको येऊस. अरे, जागाच न्हाय ठेला लावायला." रंभाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. कपाळाला राख, केस विस्कटलेले, आणि त्या पदरानं तोंड पुसता पुसता हसत होत्या. त्या हसतात हे तात्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं.

तात्यांना राग आला. आलाच. दिवसभर ओरडायचं आम्ही, आणि नळी चोखायची टेलरनं! ज्यांच्या जिवावर गल्ली भरली त्यांना घासभर चुरा राखून ठेवू नये? ही काय रीत झाली? ही काय माणुसकी झाली? त्यांनी हे सगळं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारात चार-पाच माणसं येऊन उभी राहिली. घामेजलेली, भुकेली. पुढचा आत डोकावत म्हणाला, "मावशी, पाच ताटं मिळतील का?"

रंभाबाई उत्तर देणार, तोच तात्या उठले. उपाशीपोटी, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत चढवलेल्या, ते दारात जाऊन चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभे राहिले, आणि घशात उरलेला सगळा आवाज काढून गल्ली दणाणेल असं ओरडले,

"संपलंऽऽ! रंभाबाईचं सगळं संपलंऽऽ! उद्या या, आणि लवकर या!"